नेहमीचं ऑइल

मी संशयी नाही. मी फक्त खात्री करून घेतो. या दोन गोष्टींतला फरक माझ्या बायकोला लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी कळलेला नाही. माझी सारी नोकरी परीक्षा मंडळाच्या फेरतपासणी विभागात गेली. एकाने तपासलेला पेपर दुसरा तपासतो आणि दोघांनी तपासलेला मी तपासतो. दोघांचेही गुण जुळले तर मला त्या दिवशी अन्न गोड लागत नाही, कारण दोन माणसं एकाच वेळी बरोबर असणं ही गोष्ट मुळातच संशयास्पद आहे.

तर एके दिवशी वाहन कार्यालयाचं पत्र आलं. आमची गाडी, म्हणजे खरं तर सासऱ्यांची, चोवीस वर्षांची झाली होती. वीस तारखेला ती मूळ मालकासह तपासणीला आणावी, गाडी धूर सोडताना आढळल्यास नोंदणी वाढवून मिळणार नाही आणि ती महिन्याभरात भंगारात द्यावी लागेल, असं त्यात लिहिलं होतं. 'मूळ मालकासह' या शब्दांखाली रेघ होती. मालकालाही भंगारात देणार की काय, अशी मला क्षणभर शंका आली.

सासरे तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आले, सासूबाई गेल्यावर. सामान म्हणजे दोन बॅगा आणि ही फिकट निळी गाडी. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ते आता चालवत नाहीत. पण रोज दुपारी चार वाजता वर्तमानपत्र आणि स्वतःजवळची किल्ली घेऊन खाली जातात, ड्रायव्हरच्या सीटवर बसतात, काच खाली करतात आणि पाच वाजेपर्यंत वाचतात. गाडी कुठंच जात नाही, पण वर येताना ते कुठून तरी जाऊन आल्यासारखे दिसतात.

"गाडी गेली तर बाबा चार वाजता कुठं जातील?" बायको म्हणाली.

गॅलरीत खुर्ची टाकू, असं म्हणणार होतो, पण ते किती खोटं वाटेल हे माझं मलाच कळलं. गाडी वाचलीच पाहिजे असं मी त्या क्षणी ठरवलं आणि पहिलं पाऊल म्हणून इंजिन ऑइल बदलायचं नक्की केलं. काम अर्ध्या तासाचं होतं. पुढे जे झालं त्याला सोळा दिवस लागले.

कोणतं ऑइल घालायचं, हा पहिला प्रश्न. गाडीचं माहितीपुस्तक काढलं. बत्तीस पानानंतर थेट पस्तीस. मधलं पान गायब. बरोबर ऑइलचंच पान कसं गायब होतं? मी सासऱ्यांकडे पाहिलं.

"दुकानदाराला दाखवायला नेलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "त्यानं त्यातच स्पार्क प्लग गुंडाळून दिला."

"मग तुम्ही इतकी वर्षं कोणतं ऑइल घालत होतात?"

"नेहमीचं."

त्यांनी आपली वही दाखवली. चोवीस वर्षांच्या नोंदी, सुवाच्य अक्षर, प्रत्येकीत तारीख आणि पुढे एकच वाक्य: 'नेहमीचे ऑइल घातले.' मी आयुष्यात हजारो उत्तरपत्रिका पाहिल्या. इतकं नीटनेटकं आणि इतकं निरुपयोगी उत्तर पाहिलं नव्हतं.

"पण नेहमीचं म्हणजे कोणतं, बाबा?"

"अहो जावईबापू, नेहमी घालतो ते."

ते दुकान बंद होऊन आठ वर्षं झाली होती. म्हणजे साक्षीदारही फरार.

आता आमच्या इमारतीत कुणाला काही विचारायचं नसतं. जिन्यात नुसतं उभं राहून डोकं खाजवलं तरी सल्ले वरून खाली येतात. सगळ्यात आधी आले सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त पाणीपुरवठा अधिकारी असल्यामुळे कोणत्याही द्रवपदार्थावर आपला अधिकार आहे असं ते मानतात.

"जुनी गाडी? मग जाडच तेल," ते म्हणाले. "इंजिन झिजलंय, फटी पडल्यात. पातळ तेल त्यातून गळणार, जळणार, धूर मारणार. म्हाताऱ्या माणसाला हिवाळ्यात पातळ चादर देता का तुम्ही?"

मला पटलं. तेवढ्यात तळमजल्यावरचे औषधवाले दुकानाचं कुलूप लावून वर येत होते. त्यांनी 'जाड' हा शब्द ऐकला आणि पायरीवरच थबकले.

"जाड? मारायचीय का गाडी? अहो, म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर रक्त पातळ करायच्या गोळ्या देतात की घट्ट करायच्या? सकाळी सकाळी गार इंजिनात जाड तेल वर चढायलाच वेळ लागतो. तोवर आतलं लोखंड कोरडं घासतं. पातळ, आणि तेही सिंथेटिक."

मला तेही पटलं. माझा संशय इथेच बळावला. दोन परस्परविरोधी गोष्टी पटतात तेव्हा कुणीतरी आपल्याला फसवत असतं. बहुधा दोघंही.

तिसरा माझा मेहुणा. तो विम्याच्या कंपनीत आहे आणि त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीचा एक व्हिडिओ माहीत असतो. "भावोजी, तेल कोणतंही चालेल," तो म्हणाला. "त्यात एक छोटी बाटली मिसळायची. इंजिन आतून तरुण होतं." मी त्याला विचारलं की अशी बाटली असेल तर ती आधी माणसांसाठी का काढली नाही. त्यावर त्याने मला त्या बाटलीचा व्हिडिओ पाठवला.

ऑइलच्या दुकानात गेलो तर भिंतभर कॅन आणि प्रत्येकावर आकडे. वीस-डब्ल्यू-पन्नास, दहा-डब्ल्यू-तीस, पाच-डब्ल्यू-तीस. दुकानदार म्हणाला, "पुढचा आकडा गारठ्यातला, मागचा गरम झाल्यावरचा. गाडी किती चाललीय?"

"मीटर बंद आहे."

"मग अंदाजे?"

"अंदाज मी करत नाही."

त्याने मधला एक कॅन काउंटरवर ठेवला. ना जाड, ना पातळ. मी झाकणाचं सील तपासलं, तारीख पाहिली, कॅन हलवून आवाज ऐकला आणि हळूच वास घेतला. कॅन सीलबंद असल्यामुळे वास प्लास्टिकचाच आला, पण घेतला. मग खिशातलं लाल पेन काढून कॅनच्या बुडाशी माझी सही केली. वाटेत कुणी कॅन बदलू नये म्हणून. वाटेत कॅन माझ्याच मांडीवर होता, हे बायकोने नंतर लक्षात आणून दिलं.

गॅरेजवाले मिस्त्री शांत स्वभावाचे आहेत. जुनं तेल पूर्ण काढलं जातं का हे पाहायला मी गाडीखाली वाकलो तेव्हा त्यांनी मला अंथरायला पोतं दिलं. नवं तेल ओतताना मी एक डोळा मिटून धार पाहत होतो, तेव्हा मात्र त्यांनी विचारलं, "साहेब पोलिसात आहेत का?"

"परीक्षा मंडळात."

"तरीच."

त्यांनी अर्धा लिटर तेल कॅनमध्ये शिल्लक ठेवून परत दिलं. "एवढंच बसतं," म्हणाले. कॅन चार लिटरचा आणि गाडी साडेतीनची, हा योगायोग मला खटकला. मिस्त्रीला घाई असेल, किंवा कमी घालून नंतर 'गाडीनं तेल खाल्लं' म्हणायची सोय असेल. घरी आल्यावर ते अर्धा लिटर मी सुरक्षित जागी ठेवलं, आणि खाली वाकून, ज्या बोल्टातून तेल काढतात त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका दिला. बोल्ट कुणी फिरवला तर ठिपका तुटणार. फेरतपासणीत आम्ही गठ्ठ्यांच्या गाठीवर लाख लावतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी बॉनेट उघडून तेलाची पट्टी पाहू लागलो. या पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये हवं. पहिल्या दिवशी ते वरच्या खुणेवर बरोब्बर टेकलं होतं. समाधानाने ऑफिसला गेलो.

तिसऱ्या दिवशी तेल खुणेच्या वर होतं.

पट्टी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. खुणेच्या वर. सहाव्या दिवशी आणखी वर. आठव्या दिवशी जवळजवळ बोटभर. गाडी तेल खाते हे मी ऐकलं होतं. गाडी तेल काढते हे कुणी ऐकलंय? चोर घरातलं घेऊन जातो हे ठीक आहे, पण रोज येऊन थोडं थोडं ठेवून जाणारा चोर पकडायचा कुठल्या कलमाखाली?

मी तपास सुरू केला. गाडी दिवसभर कुलूपबंद असते. बॉनेट उघडायचा खटका आत, स्टिअरिंगच्या खाली. म्हणजे किल्लीशिवाय काम होणार नाही. चार ते पाच गाडी उघडी असते खरी, पण तेव्हा सासरे स्वतः आत बसलेले असतात. त्यांच्यासमोर बॉनेट उघडायची कुणाची हिंमत होईल? म्हणून तो तास मी तपासातून वगळला. उरलेल्या तेवीस तासांवर मी कसून लक्ष दिलं.

किल्ली माझ्याव्यतिरिक्त कुणाच्या हातात गेली होती? मिस्त्रींच्या. मी थेट गॅरेज गाठलं.

"माझी किल्ली तुमच्याकडे दोन तास होती," मी अर्थपूर्ण आवाजात म्हणालो. "आणि आता तेल वाढतंय."

मिस्त्रींनी हात पुसले. "साहेब, तेल वाढत नसतं. ते काय दूध आहे का उतू यायला?"

"मी रोज मोजतोय."

"मग आत पाणी जात असेल." त्यांनी पट्टी काढून बोटावर तेल चोळून पाहिलं. "नाही, पाणी नाही. पण जास्त झालंय हे खरं. असंच ठेवलंत तर धूर मारेल. ठेवून जा गाडी, वरचं काढून टाकतो."

"काढलेलं तेल कुठं जाणार?" मी विचारलं.

मिस्त्रींनी पट्टी पुसून जागेवर खोचली. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही गाडी घेऊन जा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. पण मी माघार घेतली नाही. स्वतः आणून ओतायचं आणि स्वतःच काढून न्यायचं, हा डाव मी ओळखला होता. त्यात त्यांचा फायदा काय हे मात्र अजून उलगडायचं होतं.

अठरा तारखेला मी शेवटचा सापळा लावला. बॉनेटच्या कडेला अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. फिकट निळ्या रंगावर ती दिसत नाही. संध्याकाळी ऑफिसमधून आलो आणि जिन्यातच सेक्रेटरी भेटले. त्यांच्या शर्टाच्या कोपराला पांढरं. चार पायऱ्यांवर औषधवाले, पोटावर पांढरा पट्टा. पण त्यांच्या अंगावर कसली ना कसली पावडर असतेच, म्हणून तो पुरावा ग्राह्य धरता येईना. घरात मेहुणा बसला होता. त्याच्या पँटला पांढरं. बायको पाणी घेऊन आली, तिच्या मनगटाला पांढरं!

"तूसुद्धा?" मी म्हणालो.

"काय मीसुद्धा? आणि तुमच्या कानाला पावडर कसली लागलीय?"

अख्खी इमारत सामील आहे किंवा पावडर फार उडते, या दोन निष्कर्षांपैकी कोणता घ्यावा हे ठरवता ठरवता वीस तारीख उजाडली.

सेक्रेटरी आणि औषधवाले आपणहून बरोबर आले. "नैतिक आधार," सेक्रेटरी म्हणाले. मला भरून आलं आणि लगेच प्रश्न पडला की का. मागे ते दोघं आणि बायको, पुढे सासरे इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर कागदांची पिशवी. मेहुणा त्याच्या स्कूटरवर मागून. पहिल्या वळणावर मी आरशात पाहिलं तर मेहुणा दिसेना. त्याच्या जागी निळसर धूर होता. धुरात कुठंतरी हॉर्न वाजत होता.

कार्यालयात पहिल्या खिडकीवर सासऱ्यांची सही जुळली नाही. "चोवीस वर्षांपूर्वीची सही वेगळी आहे," खिडकीतला कारकून म्हणाला. असा माणूस मला एरवी फार आवडतो.

"तेव्हा हात ऐकायचा," सासरे म्हणाले आणि त्यांनी पुन्हा सही केली. पुन्हा केली. पाचवी सही त्यातल्या त्यात जुळली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मागे वळून ते अंगणातल्या गाडीकडे पाहत होते, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. संशय नव्हे, साधी भीती.

तपासनीस बाई आल्या. "रेस करा," म्हणाल्या. मी पाय दाबला. मागे रांगेत उभे असलेले लोक दिसेनासे झाले.

बाईंनी बॉनेट उघडायला लावलं, पट्टी काढली आणि उन्हात धरली. तेल दोन्ही खुणा ओलांडून मुठीकडे निघालं होतं.

"तेल कोणी घातलं हे?"

"बाई, हा घातपात आहे," मी गाडीतून उतरत म्हणालो. "मी नाव घेणार नाही, पण एक मिस्त्री आहे..."

"मी फक्त अर्धा लिटर घातलं," सेक्रेटरी पुटपुटले. "जाड. दोनदा."

"मी पातळ," औषधवाले म्हणाले. "ह्यांचं जाड बॅलन्स व्हायला पाहिजे ना!"

मेहुणा तोपर्यंत पोचला होता. त्याचा चेहरा काळवंडला होता आणि भुवया दिसत नव्हत्या. "छोटीच बाटली होती, भावोजी," तो खोकत म्हणाला. "तुमचा विश्वास बसावा म्हणून."

मी तिघांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत एकदा माझा संशय शंभर टक्के खरा ठरला होता, आणि नेमका चुकीच्या माणसावर.

"आणि कॅनमधलं उरलेलं अर्धा लिटर कुठंय?" बायकोने विचारलं.

"सुरक्षित जागी," मी म्हणालो.

"कुठं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. तपासनीस बाईसुद्धा. मी बोट केलं. इंजिनकडे.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "एक वाजता खिडकी बंद होते. त्याआधी नीट करून आणा, नाहीतर मला 'नापास' लिहावं लागेल. आणि तेल इथं अंगणात काढायचं नाही, गेटबाहेर."

मिस्त्रींना फोन मलाच करावा लागला. तो फोन मी विसरायचा प्रयत्न करतोय, म्हणून त्याचं वर्णन करत नाही. 'माफ करा' हे शब्द त्यात तीनदा होते, एवढंच सांगतो. मिस्त्री वीस मिनिटांत घमेलं, पाना आणि तेलाचा कॅन घेऊन आले. गाडीखाली शिरले आणि तिथूनच म्हणाले, "बोल्टाला हे गुलाबी काय आहे?"

बायको वाकली. "माझं नेलपॉलिश! आणि मी कामवाल्या मावशींना विचारलं!"

घमेलं भरलं, दुसरं मागवावं लागलं. मग मिस्त्रींनी कॅन उचलला. "कोणतं घालू?"

सेक्रेटरी, औषधवाले, मेहुणा आणि मी, चौघांनी एकदम तोंड उघडलं.

"नेहमीचं घाला," सासरे म्हणाले.

मिस्त्रींनी मान डोलावली आणि ओतलं. कॅनवर काय लिहिलंय ते पाहायला मी पुढे झालो, तर बायकोने माझा शर्ट मागून धरला. पहिली दहा मिनिटं थोडा धूर आला, मग विरळ झाला, मग नुसता आवाज राहिला. एकला पाच मिनिटं असताना बाईंनी पुन्हा रेस करायला लावली. मागच्या रांगेतली माणसं स्पष्ट दिसत होती. बाईंनी शिक्का मारला. सासऱ्यांनी तो कागद घडी न घालता घरापर्यंत हातात धरला.

घरी आल्यावर त्यांनी वही काढली आणि तारीख लिहून नोंद केली. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"बाबा, आता तरी सांगा. नेहमीचं म्हणजे कोणतं?"

"मला काय माहीत? समोरचा देईल ते. वेळेवर बदललं म्हणजे झालं."

"आणि हे सगळे येऊन तुमच्यासमोर तेल ओतत होते? खटका कोणी ओढला?"

"मीच."

"तुम्हाला कळत नव्हतं जास्त होतंय ते?"

"चोवीस वर्षं गाडी सांभाळली मी. कळणार नाही?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पण तेल ओतायला आलेला माणूस लगेच जात नाही, जावईबापू. शेजारच्या सीटवर बसतो. गाडीचं विचारतो. मग स्वतःचं सांगतो. सेक्रेटरी तर तास तास बसले. तीन वर्षं मी तिथं बसतोय, आधी कोणी आलं नव्हतं. म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. मग आणखी दोन दिवसांनी. इतका धूर होईल असं वाटलं नव्हतं."

"मला तरी सांगायचंस," मी बायकोकडे वळलो. "तू रोज चहा द्यायला जायचीस."

"मला वाटलं तुम्हीच सांगितलंय त्यांना. आणि तुम्ही सगळ्यांना पकडलंत, मला एकदा तरी विचारलंत का?"

फेरतपासणीत न विचारलेल्या प्रश्नाला गुण नसतात.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. चार वाजता सासरे खाली गेले. गॅलरीतून पाहिलं तर आज कुणीच आलं नव्हतं. सेक्रेटरींनी लाजून जिना बदलला होता, औषधवाले दुकानात होते, मेहुणा भुवया यायची वाट पाहत घरी होता. शेजारची सीट रिकामी होती. मी चप्पल घातली, खाली गेलो, दार उघडलं आणि बसलो.

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "तेल बघायचंय?"

"नाही."

"मग? गाडी बाहेर काढायचीय?"

"नाही. सहज आलो. बसायला."

"सहज?" त्यांनी मला चष्म्यावरून खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग माझे दोन्ही हात रिकामे आहेत ना ते पाहिलं. मग हळूच डावा हात नेऊन बॉनेटच्या खटक्यावर ठेवला, आणि तो पाच वाजेपर्यंत काढला नाही.